शेगडीला लावलेलं धुराडं

परवा तुमच्या ऑफिसात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी आपली सुधा. टेबलावर तुमचा फोटो, त्याला निशिगंधाचा हार. तुमचे वरिष्ठ बोलायला उठले आणि म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात हा माणूस उघड्या माळावर मजुरांमध्ये राहिला. त्यांच्या पंगतीला बसून यानं मिलोची, त्या परदेशातून आलेल्या निकृष्ट ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली." लोकांनी माना डोलावल्या. मागे कुणीतरी नाक ओढलं.

मला उठून सांगावंसं वाटलं की माळावर राहिले हे खरं, पण भाकरीचं साफ खोटं. तुम्ही त्या माळावर रोज मटण भाजून खाल्लंत. निखाऱ्यावर, सळईला लावून, वर लिंबू पिळून. मी समोर होते.

मी उठले नाही. चहा-बिस्किटं झाली, वरिष्ठांनी हात जोडले, मीही जोडले. घरी येऊन तोंडावर पाणी मारलं तरी तो गुळचट आवाज कानातून जाईना. चौदा दिवस लोक येतायत आणि तुमच्याबद्दल गोड गोड बोलतायत. मला त्याचा वीट आला आहे. तुम्ही असे गोड नव्हतात. त्या सभेत तुम्ही असता तर तुम्हीच हसून म्हणाला असता, "अहो, मिलोच्या भाकरीचा एक घास खाल्ला होता मी, तोही थुंकला."

म्हणून लिहायला बसले. जे सहा वर्षं बोलले नाही, ते आता तुम्हाला ऐकावं लागेल.

त्या शेगडीची हौस तुमची एकट्याची नव्हती, हे आधी कबूल करते. ऑफिसात कुठलंसं इंग्रजी मासिक आलं होतं, त्यातलं एक चित्र तुम्ही कापून आणलंत. परदेशातलं कुटुंब, मागे घरासारखी मोटार, खिडक्यांना पडदे, आणि पुढे गवतावर तीन पायांच्या भांड्यात मांस भाजणारा बाप. दुष्काळी कामांवर तुमची नेमणूक झाली आणि दुसऱ्या खात्याची मोडीत निघालेली प्रदर्शनाची बस तुम्ही मागून घेतलीत, तेव्हा ते चित्र तुमच्या डोक्यात होतं. सुताराकडून दोन झोपायच्या फळ्या, एक मिटतं टेबल, पाण्याचं पिंप, खिडक्यांना जाळी. मजुरांनी पुढे तिला घरगाडी म्हणायला सुरुवात केली.

"सगळं झालं," तुम्ही म्हणालात, "आता एक शेगडी पाहिजे. गाडीबरोबर फिरणारी."

आपण दोघं मंगळवार पेठेत सबंध रविवार हिंडलो. मातीची शेगडी तुम्ही उचलून पाहिलीत आणि ठेवलीत. बादलीची पाहिली, आतून मातीचा गिलावा दिलेली. बिडाची पाहिली, ती दोन माणसांना उचलेना. शेवटी पत्र्याचं काम करणाऱ्या इस्माईलभाईंच्या दुकानात बसलो. ते म्हणाले, "साब, मिट्टी की नको लेव. कच्चा रस्ता है, दो दिन में तुकडे हो जाते. मैं पत्रे की पेटी बना के देता."

तुम्ही जमिनीवर खडूनं आकृती काढलीत. दीड हात लांब, वीतभर रुंद पेटी. तळाला भोकं, खाली राखेचा सरकता ट्रे, बाजूला हवेची छोटी खिडकी, मिटणारे पाय. गाडीच्या मागे बाहेर अडकवायला दोन हूक, कारण कोळसा आत नको. झाकण मी सुचवलं. माळावर वाळलेलं गवत असणार, एक ठिणगी उडाली तर सगळा माळ पेटेल. आणि झाकलं की निखारे विझतील, कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येईल. इस्माईलभाई म्हणाले, "बाई का दिमाग चलता जी." तुम्ही माझ्याकडे कौतुकानं पाहिलंत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी त्या दिवशी फार सुखात होते. लोणारी कोळशाचं एक पोतंही आपण तेव्हाच वखारीतून घेतलं.

सुट्टी लागल्यावर मी माझ्या शाळेतले पेपर तपासून दिले, सुधाला तुमच्या आईकडे माळशिरसला ठेवलं आणि करमाळ्याच्या पलीकडे त्या माळावर तुमच्याकडे आले. पाझर तलावाचं काम चाललं होतं. मैल दीड मैल माणसंच माणसं. बायका खडी फोडत होत्या, पुरुष मातीच्या पाट्या टाकत होते. झाड म्हणून एक नाही. वारा सुटला की तोंडात माती, वारा पडला की माश्या. दुपारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा सरकारी खाऊ, वाटायचे, तेव्हा त्या पातेल्याभोवती माश्यांचा काळा गोळा व्हायचा आणि लोक हातानं माश्या वारत तीच सुकडी पदरात घ्यायचे.

तुमचं काम मी तिथं पाहिलं. टेप घेऊन तुम्ही भर उन्हात मोजमापं घ्यायचात, मुकादमाच्या आकड्यावर सही करायचा नाहीत. शेजारच्या तीन गावांतली माणसं काम मागायला आली तेव्हा वरून हुकूम यायची वाट न पाहता तुम्ही दुसरा बांध सुरू केलात आणि त्याबद्दल तुमच्यावर ठपका आला. शोकसभेत यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. हे त्यांच्या कागदात असायला हवं होतं. ती भाकरीची भाकडकथा कुठून आली, देव जाणे.

पण पाच वाजता शिट्टी व्हायची.

शिट्टी झाली की तुम्ही दोन तांब्यांत अंघोळ करायचात, पांढरा सदरा घालायचात आणि गाडीमागची शेगडी काढून तिचे पाय खटाखट उघडायचात. पुठ्ठ्यानं वारा घालत कोळसा फुलवायचात. सळयांना दह्या-लसणात मुरवलेलं मटण लावलेलं असायचं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र व्हायचं, आणि तो जाड, तेलकट धूर उठायचा. शंभर पावलांवर परगावच्या मजुरांच्या खोपट्यांची रांग होती. तिथंही चुली पेटलेल्या असायच्या आणि चुलीवर लाल मिलो. आपल्याकडे कुणी पाहत नसे. पाहायचं नाही असं ठरवल्यासारखे सगळे पाठ करून बसायचे. साठ-सत्तर पाठी.

मी शाकाहारी घरातली नव्हे, तुम्हाला माहीत आहे. करमाळ्याला माझ्या माहेरी रविवारी मटण व्हायचंच. तेव्हा हे सोवळ्याओवळ्याचं नव्हतं. पहिले चार दिवस मीही खाल्लं. चवीनं खाल्लं, बोटं चाटली. हे लिहिलं नाही तर मीही त्या वरिष्ठांच्या रांगेत जाऊन बसेन.

पाचव्या दिवशी मी त्या पाठी मोजू लागले आणि हातातला घास ताटलीत परत ठेवला. म्हटलं, "अहो, त्या लोकांना वास जातो."

"जाणारच. वारा तिकडचा आहे."

"तसं नव्हे. त्यांच्या पोटात काय आहे, आणि आपण इथं—"

तुम्ही सळई खाली ठेवली नाहीत, पण माझ्याकडे नीट पाहिलंत. म्हणालात, "हे बघ, मी दिवसभर उन्हात उभा असतो. मी आजारी पडलो तर या पाच गावांचं काम बंद पडेल. मी उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहे?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "मग आत गाडीत भाजू या. खिडक्या लावून घेऊ."

"बंद गाडीत कोळसा? दोघंही सकाळी उठणार नाही."

"मग वास जाऊ नये असं काहीतरी करा."

मी हे बोलले आणि तुमचा चेहरा उजळला. तेवढंच तुमच्या हाती लागलं. प्रश्न वाऱ्याचा आहे असं तुम्हाला वाटलं, आणि वाऱ्याचा प्रश्न सोडवायला तुम्हाला येत होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेगडी गाडीच्या पलीकडच्या बाजूला मांडलीत. तिसऱ्या दिवशी तीन बाजूंनी पत्रा उभा केलात. तरी धूर घुटमळायचा, माझ्या पातळाला, गाडीतल्या पडद्यांना, पाण्याच्या पिंपालाही तो तुपकट वास लागला होता. मग तुम्ही ड्रायव्हरला घेऊन तेलाचे रिकामे डबे कापलेत, एकात एक घालून नळी केलीत, आणि शेगडीच्या झाकणाला भोक पाडून तिच्यावर धुराडं उभं केलंत. गाडीच्या टपापेक्षा उंच. "आता सगळं वरच्या वर जाईल," तुम्ही म्हणालात, लहान मुलासारखे खूश होऊन.

वरच्या वर गेलंच. आपल्या अंगणात वास राहिला नाही. तो उंचावरून गेला आणि थेट खोपट्यांवर उतरला. पाठ फिरवून जे टाळता येत होतं ते आता डोक्यावरून येऊ लागलं. पोरं रडायला लागली. पडून दुखल्यावर रडतात तसं नव्हे. एका सुरात, न थांबता. एका बाईनं पोराला धपाटा घातलेला मला गाडीपर्यंत ऐकू आला.

"आता इकडे वास नाही ना?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

मला तेव्हा तुमची किळस आली. हा शब्द मी नवऱ्यासाठी वापरेन असं कधी वाटलं नव्हतं. तुमच्या ओठांची किळस आली, त्यांच्यावर चकाकणाऱ्या चरबीची, हाड चोखतानाच्या आवाजाची. आणि त्याच तोंडानं तुम्ही सकाळी मुकादमाला दटावलं होतंत, की एकाही बाईची हजेरी चुकता कामा नये. दोन्ही तोंडं एकच कशी, हे मला तिथं कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

शेवंता तुम्हाला आठवत असेल. गाडीजवळच खडी फोडायची, उंच, हातावर कोपरापर्यंत गोंदण. तिची शेळी होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. दुपारी ती शेळी घरगाडीच्या सावलीत येऊन बसायची आणि मी तिला भाजीची सालं घालायची. शेवंता लांबून हसायची. माळावर चारा नव्हता. लोक शेळ्या मिळेल त्याला विकत होते, आणि मुकादम त्यातल्या काही तुमच्यासाठी घेत होता. तुम्ही दाम चोख द्यायचात, बाजारापेक्षा चढाच. कोणाला फसवलं नाहीत.

एके दिवशी शेळी सावलीला आली नाही. संध्याकाळी तुम्ही शेगडी पेटवलीत. माझ्या काही लक्षात आलं नाही. तुमचं मन राखायला एक तुकडा तोंडात घातला, तेवढ्यात शेवंता जर्मनचं पातेलं घेऊन आली. गाडीपासून दहा पावलांवर उभी राहून म्हणाली, "बाई, माज्या शेळीची मुंडी अन् पाय हायत का वो? असले तर द्या की. पोरांना रस्सा करते."

माझ्या तोंडात तो तुकडा तसाच होता.

तुम्ही मोठ्या मनानं म्हणालात, "अगं, देऊन टाक. आपल्याला कुठं लागतंय?" आणि सळईवरचे दोन तुकडे काढून तिच्यापुढे धरलेत. "घे, हेही घे. गरम आहे."

तिनं घेतले. पदराच्या टोकात बांधले. आपल्यासमोर खाल्ले नाहीत. पातेल्यात मी मुंडी ठेवली तेव्हा तिच्यावर माश्या होत्या आणि कपाळावर तो पांढरा टिळा होता. शेवंता वळली, आणि मी गाडीआड धावत जाऊन भडाभडा ओकले.

तुम्ही घाबरून आलात. मला धरलंत, पाठीवरून हात फिरवलात. "काय झालं गं?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

तुम्ही मला आत नेऊन फळीवर निजवलंत, कपाळावर ओला पंचा ठेवलात, कांदा फोडून त्याचा रस माझ्या तळपायांना चोळत बसलात. कितीतरी वेळ. इतक्या मायेनं माझे पाय कुणी हातात घेतले नव्हते. आणि तुमच्या हातांना त्या शेळीच्या चरबीचा वास होता. मी डोळे मिटून पडले होते. पाय ओढून घ्यावेत असं वाटत होतं, आणि तुम्ही उठून जाऊ नये असंही वाटत होतं.

तिथून माझं खोटं सुरू झालं. मला भाजलेलं मांस सोसत नाही, पित्त होतं, असं मी सांगितलं. तुम्ही ते मानलंत. गेली सहा वर्षं तुम्ही कुठं फिरतीवर गेलात की माझ्यासाठी पित्ताचं काहीतरी आणायचात. मोरावळा, कोकमं, कुठल्या वैद्याची पुडी. माझ्या ताटात वेगळं वाढायला तुम्ही सुधाला शिकवलंत. पाऊस पडला, कामं संपली, घरगाडी खात्यानं परत घेतली, तुम्ही शेगडी तेवढी घरी आणलीत आणि रविवारी परसात मित्रांना बोलावून तिच्यावर भाजू लागलात. धुराडं काढून ठेवलं होतंत. मी आत दार लावून बसायची. बाहेरून तुम्ही मित्रांना सांगायचात, "तिला वासही सोसत नाही, बिचारीला." त्या "बिचारी"नं माझ्या अंगावर काटा यायचा. आणि तरी रात्री तुम्ही मोरावळ्याची बरणी पुढे केलीत की मी चमचाभर खायची.

आता काल काय झालं ते ऐका.

काल दुपारी दारात शेवंता उभी. करमाळ्याहून एस.टी.नं आली होती. केस पांढरे झालेत, उंची तीच. तुम्ही गेल्याचं तिला तिच्या गावच्या तलाठ्याकडून कळलं म्हणे. तुमच्या फोटोला तिनं हात जोडले, खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला तेवढ्यानंच तिच्याबद्दल बरं वाटलं. चौदा दिवसांत न बोलणारं पहिलंच माणूस.

मग म्हणाली, "त्या बांदामुळं हिरीला पानी हाय बगा अजून. सायेबांचा बांद म्हंत्यात."

मी चहा दिला. मनात होतं ते एकदम तोंडातून आलं. "शेवंता, तिथं आम्ही रोज मटण भाजायचो. तुम्हाला वास यायचा."

"यायचा की. लई यायचा. पोरं रडायची." ती बशीतला चहा फुंकत म्हणाली. "पर वास आला की कळायचं, सायेब हाय. पळून गेला न्हाय. पलीकडच्या कामावरचा सायेब तालुक्याला ऱ्हायचा, आठ-आठ दिस फिरकायचा न्हाय. तितली हजेरी कुनी बी खायाचं. आमी म्हनायचो, धूर दिसतोय न्हवं, उद्या काम हाय."

मला हे ऐकायचं नव्हतं. तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी यावं अशी माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "पण ती तुझी शेळी होती. तुझ्यासमोर आम्ही ती खाल्ली."

"व्हय, माजीच. चारा न्हवता बाई, चार दिसांनी मेलीच असती. पैसं आलं, पोरांना रस्सा झाला. तिचं मला काय न्हाय वाटलं." बशी खाली ठेवून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमचं वाटलं."

"माझं?"

"तुमी गाडीमागं जाऊन वकला न्हवं. मी वळून बगितलं. मला वाटलं, मी जवळ येऊन हुबी ऱ्हायले, पातेलं घान, अंगाला वास, म्हनून बाईंना शिसारी आली. मास्तरीन बाई, शिकलेली. सायबांनी हातानं दिलं, अन् बाई वकल्या. खोपटात आल्यावर ते दोन तुकडं पोरांना दिलं. मी न्हाय खाल्लं. मग तुमी हुता तवर मी तुमच्या गाडीकडं आलेच न्हाय."

खरंच आली नव्हती. खडी फोडायला ती दुसऱ्या टोकाला गेली होती. मला वाटलं होतं, शेळीमुळे.

म्हणजे त्या माळावर माझी किळस तुमच्यापर्यंत पोचली नाही आणि जिच्यासाठी मी तुमचा तिरस्कार केला तिच्या अंगावर मात्र ती जाऊन पडली. सहा वर्षं मी दार लावून बसले, स्वतःला तुमच्याहून स्वच्छ समजत. तुम्ही तिला निदान काहीतरी हातात दिलंत.

मी तिला सगळं सांगितलं. तुमची किळस आली होती हे सांगितलं, उन्हाचं खोटं, पित्ताचं खोटं. बोलताना माझंच मला हलकं वाटत होतं, म्हणजे हिणकस. तुमच्याआधी ते तिनं ऐकलं, तुमच्या फोटोसमोर बसून. शेवटी म्हणाली, "असं व्हय. मग तवाच बोलायचं की."

"साहेबांना वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "मग काय झालं असतं?"

तिची चारची गाडी होती. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत आम्ही दोघी सुधाबद्दल आणि शेवंताच्या पोरांबद्दल बोललो. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि सोडला.

तिचा प्रश्न घेऊन मी घरी आले आहे. कदाचित तुम्ही हातातली सळई खाली ठेवली असती. कदाचित माझ्यावर ओरडला असता, आणि मीही ओरडले असते, आणि त्या शंभर पावलांवरच्या माणसांनी ते ऐकलं असतं. कदाचित तुम्ही पुन्हा म्हणाला असता, मी उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहे, आणि आपण त्यावर आजतागायत भांडत राहिलो असतो. मला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही कसे होता ते सांगायला लोक येतात, आणि तुमची बायको असून मला ते सांगता येत नाही, कारण मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.